पत्रिकेत न मावणारी काळी आई

मातीला आपण माता म्हणतो. परंतु तिची नाडी पाहण्याची वेळ आली की आपली दृष्टी नत्र, स्फुरद, पालाश यांच्या फारशी पलीकडे जात नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासले जातात. सामू, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह हे सारे त्यात आहे. नाहीत ती मातीतील विकरे आणि तणनाशकांचे अवशेष!

ग्लायफोसेट ज्या विकराला निकामी करून तण मारते, ते मातीतील अनेक जिवाणू व बुरशींतही असते. शिवाय हे रसायन जस्त, मँगनीज, लोह यांना बांधून ठेवते. १९६४ साली त्याचे पेटंट याच गुणासाठी घेतले गेले होते. मग पत्रिकेवर ‘पुरेसे’ दिसणारे जस्त पिकाच्या मुळाला मिळेलच, याची हमी कोण देणार?

परिणाम प्रत्येक जमिनीत सारखा नसतो, असे समर्थक म्हणतात. मान्य! म्हणूनच तो मोजायला हवा. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात मान्यता नसलेला तणनाशक-सहनशील कापूस उघडपणे पेरला गेला. २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घातले. निंदणीला मजूर न मिळणाऱ्या शेतकऱ्याला दोष देऊन काय साधणार?

डिहायड्रोजनेज, फॉस्फेटेज या विकरांच्या चाचण्या मृदाशास्त्राला नव्या नाहीत. त्या पत्रिकेत आणा. केवळ वजन-उंची पाहून रोग्याला निरोगी ठरविणारा वैद्य आपण उंबऱ्यात उभा करणार नाही; मग काळ्या आईच्याच नशिबी तो का?