शोलावरमचा मिस्त्री कुठे गेला?

चेन्नईजवळचे शोलावरम ही दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी. युद्ध संपले आणि पुढे तिथे मोटारींच्या शर्यती रंगू लागल्या. १९५३ साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब त्या भरवी. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टैला नवा ट्रॅक झाला आणि शोलावरम मागे पडले.

परदेशी गाड्या आणणे तेव्हा महाकठीण. म्हणून इथल्याच फियाट, हेरल्ड खोलून, हलक्या करून पळवीत. जिंकणारे राजे, उद्योगपती यांची नावे सहज सापडतात. पण त्या गाड्या खोलणारा मिस्त्री? त्याला इतिहासात जागा का नसावी? माझे वडील नांदेडला गॅरेजात आहेत म्हणून मला हे टोचते, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडे!

शोलावरम दूर आहे, पण फियाटची इंजिने उघडलेले म्हातारे मिस्त्री नांदेड-लातुरातही आहेत. आपल्या इतिहास विभागाने यंदाच्या प्रकल्पात त्यांच्या मुलाखती घ्याव्यात. वही-पेन आम्ही आणतो.