‘हबशी’ ही शिवी कशी झाली?

मोम्बासाला निघालो तेव्हा नातलगांनी ताकीद दिली, “हबशी लोक आहेत, सांभाळून राहा.” आम्हीही मुकाट्याने पाकीट आतल्या खिशात दडवले.

जुन्या शहरात शिरलो. अरुंद बोळ, नक्षीदार लाकडी दरवाजे आणि कानांवर अजान! एका दुकानदाराने “करिबू”, म्हणजे ‘या’, म्हणून स्टूल पुढे केले. त्याच्या स्वाहिलीत किताबू, चाय, चपाती, पेसा हे शब्द भेटले. मग परके कोण, तो की आम्ही?

परके नव्हतोच. १८९६पासून याच बंदरातून रेल्वे घालायला इंग्रजांनी तीस हजारांवर हिंदी मजूर आणले. आमचे कोकणी मुसलमानही या देशात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत.

तरीही आमच्या शाळेत सावळ्या पोराला चिडवायचा शब्द कोणता? हबशी! खडकी वसवणारा, नहर बांधून तिला पाणी पाजणारा मलिक अंबर कोण होता? हबशीच ना? तासाला हजरत बिलालची थोरवी शिकवायची आणि घरी सून मात्र गोरीच शोधायची, हा कुठला इन्साफ?

ग्रेटर नोएडात २०१७ साली जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारले, तेव्हा आमच्यापैकी किती जण बोलले? नावामुळे भाड्याचे घर नाकारले की आम्ही पानेच्या पाने लिहितो. रंगामुळे नाकारले गेलेल्यांसाठी एक ओळही नाही.

मोम्बासात आमच्या पाकिटाला कुणी हात लावला नाही. सांभाळायची होती ती आपली जीभ.