विणा बिनधास्त, पण ‘टाइमपास’ म्हणू नका!

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं घरातली मोठी माणसं सांगतात. मुंबईत मात्र ती आली कधी, इथपासूनच प्रश्न असतो. त्यातून तुम्ही वर्सोव्याला राहत असाल तर विचारूच नका. पहाटे जरा गार वारा सुटतो आणि अकरा वाजता यारी रोडवर घाम पुसत रिक्षा शोधायची वेळ येते. स्वेटर कपाटात असतो तो महाबळेश्वरच्या ट्रिपपुरता. अशा ठिकाणी फेब्रुवारीत लोकर आणि सुया घेऊन बसणं म्हणजे येडेपणाच, नाही का?

अजिबात नाही. उलट विणायला हाच महिना बेस्ट. मे महिन्यात हाताला इतका घाम येतो की धागा सुईवरून सरकत नाही. पावसाळ्यात सगळंच दमट. आत्ता हात कोरडे असतात, संध्याकाळी खिडकीत बसवतं आणि परीक्षा अजून जरा लांब असतात. शिवाय थंडी संपतच आलीय म्हटल्यावर ‘हिवाळ्याच्या आत पूर्ण झालंच पाहिजे’ ही घाईसुद्धा नाही. लोकर नको असेल तर सुती धागा घ्या. खांद्याला अडकवायची पिशवी करा, मोबाइलचं कव्हर करा, ताईच्या बाळासाठी टोपरं करा. सुरुवातीला सुलट आणि उलट हे दोन टाके आले तरी पुष्कळ झालं.

तसंही विणकाम आता फक्त आजीचं राहिलेलं नाही. क्रोशाची ट्युलिप, बकेट हॅट, रंगीत चौकोन जोडलेल्या बॅगा यांनी रील्स भरून गेलेत. आरामनगरमध्ये ऑडिशनसाठी तासन्‌तास ताटकळणाऱ्यांनी तर हे शिकायलाच हवं. आणि मुलांनो, ‘हे मुलींचं काम’ म्हणण्याआधी टॉम डेली आठवा. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये डायव्हिंगचं सुवर्णपदक मिळवणारा हा ब्रिटिश खेळाडू प्रेक्षकांत बसून निवांत विणत होता. तो फोटो जगभर फिरला.

विणण्याची मजा काय असते? एक तर दोन्ही हात अडकलेले असतात, त्यामुळे फोन आपोआप बाजूला राहतो. दुसरं म्हणजे चुकलं तर उसवता येतं, आणि उसवल्यावर धागा जवळपास जसाच्या तसा हातात राहतो. आपल्या वयात ही सोय दुसऱ्या कुठल्या गोष्टीला आहे, सांगा बरं!

तेव्हा जरूर विणा. माझी तक्रार फक्त एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द म्हणजे ‘टाइमपास’. आधीची पिढी त्यालाच ‘फावला वेळ’ म्हणायची. ऐकायला किती निरुपद्रवी वाटतो! पण तो नेमका काय करतो हे बघायचं असेल, तर सात बंगल्यावरून पुढे वेसाव्याच्या कोळीवाड्यात या.

या दिवसांत बंदराच्या बाजूला वलांडीवर बोंबील वाळत असतात. जवळच कुणी काका मांडी ठोकून जाळं सांधत बसलेले दिसतील. जाळ्याची एक बाजू पायाच्या अंगठ्यात अडकवलेली, हातात धागा गुंडाळलेली चपटी सुई आणि बोटं भराभर गाठी मारतायत. पूर्वी सुताची जाळी कोळीवाड्यातच हाताने विणली जायची. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन आलं आणि यंत्रावर विणलेली जाळी तयार मिळायला लागली. पण ते तुकडे जोडून जाळं उभं करणं, त्याला दोर, बोये आणि वजनं लावणं, फाटलं की सांधणं, हे आजही हाताचंच काम आहे.

तुमचा मफलर आणि हे जाळं लांबचे नातेवाईक आहेत, हं. जाळ्याच्या भोकाला ‘आस’ म्हणतात. प्रत्येक आसाच्या कोपऱ्यावर गाठ असते, त्यामुळे एका जागी फाटलं तरी बाकीचं जाळं धरून राहतं. मफलरमध्ये गाठ नसते, नुसता फासात फास. म्हणून तो ताणला जातो, आणि टोक सुटलं की ओळीच्या ओळी उसवतात. वयाने जाळं फारच मोठं. तेव्हाच्या फिनलंडमधल्या अँट्रिया गावात १९१३ मध्ये एक जाळं सापडलं, ते सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वीचं आहे. सुयांवरच्या विणकामाचे सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये मिळालेत, ते फार तर हजारेक वर्षांचे. म्हणजे आपला मफलर जाळ्यापुढे अगदीच शेंबडं पोर!

आता मुद्द्याची गोष्ट. जाळं सांधणाऱ्या काकांना कुणीही ‘वेळ जात नाही वाटतं?’ असं विचारत नाही. ते काम आहे, हे सगळ्यांना मान्य असतं. जाळं फाटकं राहिलं तर मासळी जाणार आणि होडीचा खर्च अंगावर येणार. पण तिथून थोड्याच अंतरावर, एखाद्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर क्रोशाचं तोरण करणारी काकू बसलेली असते. तिला आपण काय म्हणतो? ‘किती छान छंद आहे हो तुमचा!’ इथेही धागा आहे, इथेही बोटं चालतायत, मान तितकीच अवघडते आणि डोळे तितकेच दुखतात. तरी एकाचा धंदा आणि दुसरीचा फावला वेळ.

आपल्या घरांत हे फार जुनं आहे. रुखवतावर मांडलेले विणलेले रुमाल, बाळंतविड्यातली टोपरी आणि मोजे, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. ‘हाताला काय वळण आहे!’ असं कौतुक भरपूर झालं. तास कुणी मोजले?

या न मोजण्याचा बाजारात काय परिणाम होतो, ते मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलंय. आंध्रातल्या नरसापूर भागात घराघरांत क्रोशाने लेस विणणाऱ्या बायकांवरचं त्यांचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. ही लेस परदेशी बाजारात जायची, म्हणजे व्यवसाय चांगला मोठा होता. बायका दिवसाचे कित्येक तास विणायच्या. पण त्यांची गणती कामगारांत होत नव्हती. रिकाम्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी, अशीच त्यांची ओळख होती. मग रिकाम्या वेळाला कुणी मजुरी कशाला देईल? ती अगदी तुटपुंजीच राहिली.

‘हे जुनं झालं, आता सगळं मशिनवर होतं,’ असं म्हणत असाल तर थांबा. सुयांवरचं विणकाम मशिनवर होतं, हे खरं. क्रोशाचं तसं नाही. क्रोशासारखी दिसणारी जाळी मशिन काढतं, पण खरा क्रोशा, एकाच आकड्यावर फिरवून घातलेला टाका, कारखान्यातलं मशिन अजून काढू शकत नाही. म्हणजे सेलमध्ये तीनशे रुपयांना लटकलेला खऱ्या क्रोशाचा टॉपसुद्धा कुणाच्या तरी हातांनीच बनलेला असतो. त्या तीनशेतून दुकानाचं भाडं, वाहतूक, दलाल आणि धागा वजा करा. उरलेल्यात ते हात.

हिशेब आपणच करून बघूया. साधा मफलर घ्या. ४० टाके, ३६० ओळी. झाले १४,४०० टाके. नवशिक्या हाताने मिनिटाला १५ टाके धरले तर ९६० मिनिटं, म्हणजे १६ तास. हा मफलर तुम्ही ५०० रुपयांना विकला आणि लोकर २०० रुपयांची धरली, तर हातात ३०० राहतात. तासाला १९ रुपयेसुद्धा नाहीत. तासाभराच्या विणकामात एक वडापाव, तोही साध्या गाडीवरचा! आणि तरी समोरचा विचारतोच, ‘लास्ट किती?’ सराईत हात याच्या दुप्पट वेगाने चालतो असं मानलं, तरी तासाला दोन वडापाव.

खरं तर हे दुखणं आपल्या पिढीला सगळ्यांत आधी कळायला हवं. ‘स्टायपेंड नाही, पण एक्स्पोजर मिळेल’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांना तोंडपाठ आहे! ‘तुला लिहायला आवडतं ना? मग एक छोटंसं लिहून दे की.’ ‘तू डिझाइन करतेसच, मग आमच्या कार्यक्रमाचं पोस्टर कर ना.’ आवडीने करतोय म्हणजे फुकटात करतोय, हेच ते लॉजिक. आपल्यावर आलं की आपण चिडून स्टोरी टाकतो. काकूंच्या तोरणाला मात्र तेच लॉजिक बिनदिक्कत लावतो.

कोल्हापुरीचंही तसंच. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’ने कोल्हापुरीसारख्या चपला उल्लेखाशिवाय दाखवल्या, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. बरोबरच होतं ते. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. पुढे कंपनीने भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्यही केलं. पण रीलवर भांडणाऱ्या आपल्यापैकी किती जण कोल्हापुरी घेताना कारागिराने सांगितलेला भाव देतात? परदेशी ब्रँडने श्रेय द्यावं आणि आपण किंमत पाडावी, हा कुठला न्याय?

आता तुम्ही म्हणाल, ‘आमच्याकडे पैसे कुठायत?’ मान्य, बॉस. पॉकेटमनीवर चालणाऱ्या माणसाने हजाराचा मफलर घ्यावा, असं कुणीच म्हणत नाही. परवडत नसेल तर घेऊ नका, किंवा छोटी वस्तू घ्या. पण न परवडणं वेगळं आणि ‘एवढ्याशा दोऱ्याचे इतके पैसे?’ म्हणणं वेगळं. पहिल्यात लाज नाही. दुसऱ्यात आपण समोरच्या बाईचे सोळा तास शून्यावर आणतो.

म्हणून माझा आग्रह आहे की आधी थोडं तरी विणून बघा. स्वस्तात भेटवस्तू होतात म्हणून नाही, आणि लगेच पेज काढून धंदा करायला म्हणून तर नाहीच. एक वीतभर पट्टी विणली की तास म्हणजे काय ते बोटांना कळतं. मग पुढच्या वेळी काळा घोडा फेस्टिव्हलच्या स्टॉलवर किंवा बचत गटांच्या बायका जिथे आपला माल आणतात त्या वांद्र्याच्या ‘महालक्ष्मी सरस’मध्ये गोधडी हातात घेतलीत, की तोंडातून आधी ‘लास्ट किती?’ येणार नाही. ‘किती दिवस लागले ताई?’ असं येईल. विचारून तर बघा. सांगणाऱ्यालाही बरं वाटतं, आणि उत्तर ऐकल्यावर घासाघीस करायची आपली हिंमत होत नाही.

आणि विणून विकणाऱ्या मैत्रिणींनो, थोडं तुम्हालाही. वस्तूच्या चिठ्ठीवर किमतीखाली तास लिहा. ‘१६ तास’, एवढंच. ‘आवडीने करते हो, द्या काय द्यायचं ते’ हे वाक्य आजपासून बंद! भाव कसा सांगायचा हे शिकायचं असेल तर वेसाव्याच्या बाजारात तासभर उभ्या राहा. पाटीवर बसलेल्या मावशीला ‘अर्ध्यात दे’ म्हणून बघा. ती तुमच्याकडे एकदा बघेल, एक सणसणीत वाक्य टाकेल आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. ती थोडंफार कमी करेल, पण स्वतःच्या मर्जीने. पहाटे उठून बंदरावर माल घेणं, तो निवडणं, बाजारात आणून मांडणं, याला ती कधीच फावला वेळ म्हणत नाही. त्यामुळे दुसऱ्या कुणाची म्हणायची टाप नाही.

होळी आली की कोळीवाडा ढोल-ताशात बुडेल आणि आपण घामात. त्याआधीचे हे थोडे कोरडे दिवस हातात आहेत. धाग्याचा एक गुंडा आणा, चाळीस टाके घाला आणि बाजूला घड्याळ ठेवा. पट्टी वाकडी झाली तरी चालेल. तास मात्र नीट मोजा.