छोट्या अणुभट्टीचे मोठे गणित

लघु मॉड्यूलर अणुभट्टीची कल्पना मोठी लोभसवाणी आहे. प्रकल्पस्थळी वर्षानुवर्षे बांधकाम करीत बसायचे नाही. अणुभट्टीचे प्रमुख भाग कारखान्यात घडवायचे, वाहून न्यायचे आणि नियोजित जागी जोडायचे. केंद्र सरकारने 2025च्या अर्थसंकल्पात या संशोधन-विकासासाठी 20,000 कोटी रुपयांचे अभियान घोषित केले आणि 2033पर्यंत किमान पाच स्वदेशी लघु अणुभट्ट्या कार्यान्वित करण्याचे उद्दिष्ट ठेवले. या संकल्पाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु उत्साहाच्या भरात हिशेब विसरून चालणार नाही.

अणुभट्टी लहान केली की वीज आपोआप स्वस्त होते, हा भ्रम आहे. भट्टीची क्षमता निम्मी झाली, तरी सुरक्षा, नियंत्रण कक्ष, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि परवान्यासाठीच्या तपासण्या यांचा खर्च निम्मा होत नाही. ही तूट भरून काढायची, तर एकच आराखडा कारखान्यातून पुनःपुन्हा घडवावा लागतो. पहिल्या भट्टीत हात बसतो, पुढच्या भट्ट्यांत वेळ आणि पैसा वाचतो. मात्र त्यासाठी पुढच्या भट्ट्यांची मागणी आधीच नोंदलेली हवी.

अमेरिकेने याचा अनुभव घेतला. न्यूस्केल कंपनीच्या प्रत्येकी 77 मेगावॉटच्या सहा भट्ट्या आयडाहो राज्यात उभ्या राहायच्या होत्या. विजेचा अपेक्षित दर मेगावॉट-तासाला 58 डॉलरवरून 89 डॉलरवर गेला, पुरेसे ग्राहक पुढे आले नाहीत आणि नोव्हेंबर 2023मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. तेथे विज्ञान हरले नाही, हिशेब हरला.

भारताला मात्र हा धडा परक्यांकडून घेण्याचे कारण नाही. 1974च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला, तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी 220 मेगावॉटच्या जड पाण्याच्या अणुभट्टीचा आराखडा सिद्ध केला आणि नरोरा, काक्रापार, कैगा, रावतभाटा येथे तोच पुनःपुन्हा उभारला. कैगाच्या पहिल्या भट्टीने 2018च्या अखेरीस सलग 962 दिवस चालून जागतिक विक्रम केला. सातत्याचे फळ याहून वेगळे काय असते?

आज भाभा अणुसंशोधन केंद्र 200 आणि 55 मेगावॉटचे आराखडे विकसित करीत आहे. पहिल्या भट्ट्या कसोटीला उतरल्या की त्यांतील एक निवडून त्याची एकगठ्ठा मागणी नोंदवणे, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या तपासणीत घाई न करणे, हाच राजमार्ग आहे. पाच भट्ट्या पाच तऱ्हांच्या झाल्या, तर ते प्रदर्शन ठरेल. एका तऱ्हेच्या पन्नास झाल्या, तरच तो उद्योग ठरेल.