उतारा वाचला, पण कळला का?

वाचकहो, गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक भगिनी आल्या. पहाटे दोन कचेऱ्यांची झाडलोट करून तशाच आलेल्या. हातात लेकीची इंग्रजीची प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका. मागे दहावीतली लेक, मान खाली घालून.

"दादा, ही इंग्रजी घडाघडा वाचते. शेजारीण म्हणते, तुझी पोर मडमेसारखी वाचते. मग या उताऱ्याला दहापैकी तीनच मार्क कसे?"

आम्ही मुलीला तोच उतारा वाचायला सांगितला. खरेच, कुठे अडखळली नाही. मग म्हटले, "बाळ, आता कागद पालथा घाल आणि यात काय सांगितलंय ते मराठीत सांग." मुलगी गप्प. आईकडे बघितले, आमच्याकडे बघितले, आणि नखाने बाकावर रेघा ओढू लागली.

त्या गप्प बसण्याची आम्हाला चांगली ओळख आहे.

१९९३ साल. आम्ही नववीत होतो. बाबा ज्या कारखान्यात कामाला होते तो बंद पडत चालला होता. एका संध्याकाळी बाबा एक इंग्रजी कागद घेऊन घरी आले. सकाळी सही करून परत द्यायचा होता. युनियनचे काका गावी गेलेले. बाबा चौथी शिकलेले, आईला अक्षरओळख नाही. घरात इंग्रजी शिकणारे आम्हीच. बाबांनी दिव्याखाली बसवले आणि म्हणाले, "वाच." आम्ही मोठ्याने वाचला. आईचा भाकरी थापणारा हात थांबला. चाळीतले दोघेजण दारात येऊन उभे राहिले. बाबांचा चेहरा फुलला होता. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे काय?"

कागदात 'फुल अँड फायनल सेटलमेंट' असे शब्द होते. 'फुल' म्हणजे पूर्ण, एवढे ठाऊक होते. 'फायनल' क्रिकेटमुळे ठाऊक होते. बाकीचे डोक्यावरून गेले. पण एवढ्या लोकांसमोर 'कळले नाही' कसे म्हणायचे? आम्ही सांगून टाकले, "बाबा, पूर्ण पैसे मिळणार असं लिहिलंय."

बाबांनी सही केली. कागदात लिहिले होते ते वेगळेच: ही रक्कम मिळाली, हिशेब संपला, यापुढे आमचे काही मागणे उरलेले नाही. आठ दिवसांनी युनियनचे काका आले, त्यांनी कागदाची प्रत वाचली आणि कपाळाला हात लावला. बाबा आम्हाला त्याबद्दल आयुष्यात एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

म्हणून कोणी म्हणाले की उताऱ्याचा प्रश्न काय, दहा मार्कांचा तर आहे, की आम्हाला तो दिव्याखालचा कागद आठवतो.

चूक कोठे होते?

त्या दिवशी अभ्यासिकेत आम्ही माय-लेकींसमोर फळ्यावर एक वाक्य लिहिले: 'कणसुल्याने भिंगोटीत फरडे टिमकवले.' मग विचारले, फरडे कोणी टिमकवले? मुलगी म्हणाली, "कणसुल्याने." कोठे टिमकवले? "भिंगोटीत." शाब्बास, चारपैकी चार गुण. आता सांग, कणसुल्या कोण? फरडे म्हणजे काय? माय-लेकी दोघी हसायला लागल्या. कारण ते शब्द आम्हीच बनवलेले. त्यांना अर्थच नाही.

आपली मुले इंग्रजी उतारा अगदी असाच सोडवतात. प्रश्नातला एक शब्द पकडायचा, तो उताऱ्यात शोधायचा आणि ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य जसेच्या तसे उतरवायचे. आठवीपर्यंत एखादा गुण मिळतो, म्हणून सवय पक्की होते. दहावीत प्रश्न थोडा फिरवून विचारला की ही युक्ती तोंडघशी पाडते.

दोष एकट्या मुलांचा नाही. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होते. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. वर्षे वाढली, पण वर्गात अजूनही वाचणे म्हणजे मोठ्याने म्हणणे, आणि उत्तर म्हणजे फळ्यावरून उतरवणे, असेच पुष्कळ ठिकाणी चालते.

परीक्षेत काय असते?

मराठी शाळांत इंग्रजी ही तृतीय भाषा आहे. मार्च २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून जो आराखडा आला, त्यात लेखी कृतिपत्रिका ८० गुणांची आणि शाळेकडचे २० गुण. त्या ८० पैकी पुस्तकातल्या दोन उताऱ्यांना २० गुण, पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला १० आणि त्याच उताऱ्याच्या सारांशाला ५. म्हणजे नुसत्या गद्य उताऱ्यांवर ३५ गुण झाले. आराखडा बदलत असतो, तेव्हा आपल्या वर्षाचा शाळेत विचारून घ्यावा.

पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याची एक गंमत आहे. त्याचे उत्तर कोणत्याही गाइडात छापलेले नसते. ज्याच्या घरी क्लासची फी भरली आहे त्याला आणि ज्याच्या घरी नाही त्याला, तो उतारा सारखाच नवा असतो. तेथे पाठांतर चालत नाही, सवय चालते. आणि सवय लावायला पैसे लागत नाहीत, रोजची वीस मिनिटे लागतात.

वीस मिनिटांचा अभ्यास

मुलामुलींनो, उतारा १०० ते १५० शब्दांचा घ्या. दहावीत असाल तरी सुरुवात सातवीच्या इंग्रजी पुस्तकापासून करा. यात कमीपणा नाही. जुनी पुस्तके शेजारी मिळतात. बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती फुकट उतरवूनही घेता येतात.

पहिल्यांदा प्रश्न वाचा, म्हणजे काय शोधायचे ते कळेल. मग सगळा उतारा एका दमात, मनातल्या मनात वाचा. मोठ्याने वाचू नका. मोठ्याने वाचताना सगळे लक्ष उच्चाराकडे जाते. अडलेल्या शब्दाला थांबू नका. आजी गोष्ट सांगताना म्हणते, 'तिने कढई उतरवून घडवंचीवर ठेवली.' घडवंची तुम्ही पाहिलेली नसते. तरी काहीतरी ठेवायची जागा असणार, एवढे ओळखून तुम्ही पुढे ऐकता. इंग्रजीतही तसेच करा. शब्दाच्या मागचे आणि पुढचे वाक्य पुष्कळदा अर्थ सांगून जाते.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या. जेथे 'ही', 'शी', 'इट', 'दे' येईल तेथे तो शब्द कोणासाठी आला ते वर लिहा. पाहा: 'रमा हॅज अ ब्रदर. ही वर्क्स इन अ बेकरी. शी टेक्स हिज टिफिन एव्हरी मॉर्निंग.' डबा कोणाचा? भावाचा. नेते कोण? रमा. येथे घोटाळा झाला तर पुढची सगळी उत्तरे चुकतात.

लांब वाक्याला घाबरू नका. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येते. मध्ये 'हू' किंवा 'व्हिच' आले की मुले गडबडतात. 'द बॉय हू ब्रोक द विंडो इज माय कझिन.' हे मराठीत लावा: 'ज्या मुलाने खिडकी फोडली तो माझा चुलतभाऊ.' इंग्रजीचे 'हू' आले की मनात 'जो, जी, ज्याने' म्हणायचे, वाक्य सुटते.

आणि बारके शब्द सोडू नका. मोठा शब्द अडला तर अर्थ अर्धा राहतो, बारका शब्द सुटला तर अर्थ उलटा होतो. 'बट' म्हणजे पण. 'ऑल्दो' म्हणजे जरी. 'अनलेस' म्हणजे तसे केले नाही तर. 'यू विल मिस द बस अनलेस यू हरी', म्हणजे घाई केली नाहीस तर बस चुकेल. 'हार्डली' म्हणजे जवळजवळ नाहीच. 'ही हार्डली वर्क्स' याचा अर्थ पुष्कळ मुले 'तो खूप मेहनत करतो' असा लिहितात. त्याचा अर्थ 'तो फारसे काम करत नाही' असा आहे. असे वीस-पंचवीस शब्द एका वहीत लिहून काढा. प्रत्येकाचे एक वाक्य आपल्या घरातले बनवा.

मग उतारा पालथा घाला आणि तीन वाक्यांत मराठीत सांगा. सांगता आले तरच उत्तरे लिहायला बसा. उत्तर लिहिताना प्रश्नातला 'डिड' उत्तरात येऊ देऊ नका. 'व्हाय डिड रमा गो?' असा प्रश्न असेल तर उत्तर 'रमा वेंट बिकॉज...' असे सुरू होते.

उताऱ्याखाली पाच कृती असतात, प्रत्येकी २ गुणांच्या. पहिली सरळ माहितीची, दुसरी थोडी जुळवाजुळव करायची, तिसरी शब्दांची, चौथी व्याकरणाची. पाचवी असते तुमच्या स्वतःच्या मताची. ही पाचवी आपली मुले कोरी सोडून देतात. का, असे विचारले तर म्हणतात, "उताऱ्यात उत्तर सापडलं नाही." अरे, ते उताऱ्यात नसतेच. ते तुमच्याजवळ असते. 'तुम्ही घरच्यांना कशी मदत करता?' असे विचारले तर पाणी भरता, धाकट्याला शाळेत सोडता, ते साध्या चार वाक्यांत लिहा. हे २ गुण तुमच्या घरातच पडलेले आहेत.

मोबाइलचेही सांगितले पाहिजे. आता फोन समोर धरला की उताऱ्याचे मराठी आपोआप होते. सोय चांगली आहे. पण आधी फोन दाखवला तर वाचले फोनने, तुम्ही नाही. आधी स्वतः लावा, उत्तरे लिहा, आणि शेवटी फोनशी ताडून पाहा.

आई-वडिलांनी काय करायचे?

त्या भगिनी म्हणाल्या, "दादा, हे सगळं ठीक. पण मी काय बघणार? मला ए-बी-सी येत नाही." पुष्कळ घरांत असेच म्हणतात. आम्ही त्यांना एवढेच सांगितले: रात्री जेवण झाले की लेकीला समोर बसवा. तिने इंग्रजी वाचावे आणि तुम्हाला मराठीत सांगावे. तुम्ही तीनच गोष्टी विचारायच्या: कोण? काय झाले? का झाले? आणि तुम्हाला पटले नाही तर 'पटले नाही' म्हणायचे. चूक झाली तर ओरडायचे नाही. 'मला कळले नाही' असे म्हणायची मुलाला भीती वाटू नये, हे सर्वांत मोठे. आम्हाला ती भीती वाटली, त्याची किंमत बाबांनी मोजली.

परवा त्या माय-लेकी पुन्हा आल्या. मुलगीच सांगत होती. आदल्या रात्री एका दवाखान्याविषयीचा उतारा होता. त्यात वाक्य होते, 'द डिस्पेन्सरी इज ओपन एव्हरी डे एक्सेप्ट मंडे.' हिने आईला सांगितले, "दवाखाना रोज उघडा असतो, सोमवारीपण."

आई भांडी घासत होत्या. तशाच म्हणाल्या, "रोज उघडा असतो तर सोमवारचं वेगळं नाव कशाला घेतलं गं? परत बघ."

मुलीने परत पाहिले. 'एक्सेप्ट' हा शब्द तिने वाचला होता, पण पाहिला नव्हता. शब्दकोश काढला. सोमवार सोडून. सोमवारी बंद.

"दादा," मुलगी म्हणाली, "आईला इंग्रजी येत नाही, तरी चूक तिनेच पकडली."

आई पदराने हात पुसत म्हणाल्या, "इंग्रजीचं मला काय कळतंय. पण अर्थ नको का लागायला?"

आमचे तीस वर्षांचे शिकणे-शिकवणे त्या माउलीने एका वाक्यात सांगितले. अर्थ लागायला हवा. पुढे या मुलीच्या हाती नोकरीचे पत्र येईल, बँकेच्या कर्जाचा कागद येईल, औषधाच्या बाटलीवरची सूचना येईल. त्याखाली प्रश्न छापलेले नसतील आणि गुण द्यायला कोणी बसलेले नसेल. सही मात्र करावी लागेल.

तेव्हा आज रात्रीपासून वीस मिनिटे. टीव्ही बंद, फोन बाजूला. लेकराने वाचायचे आणि आई-वडिलांनी विचारायचे, "म्हणजे काय?"