लांबीची जाडी

लांबी, रुंदी आणि जाडी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आम्हांला शाळेत छडी मारून शिकवले होते. गॅरेजात गेल्यावर कळले की लांबीलाच जाडी असते, आणि ती अर्धा इंचसुद्धा असू शकते. मोटारसायकलच्या टाकीला पोचा आला की कारागीर त्यात जो लगदा थापतात, त्याचे नाव लांबी. या पदार्थाशी माझा उभा दावा आहे आणि तो आज मी चारचौघांत मांडणार आहे.

निमित्त अण्णांच्या येझदीचे. गाडी 1975 सालची. तिचा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला, पण आमची येझदी अजून दुसऱ्या किकला हुंकार देते. गेल्या महिन्यात पार्किंगमधून काढताना एक खांब मध्ये आला (खांब नेहमी मध्येच येतात) आणि टाकीच्या उजव्या गालावर वाटीएवढा पोचा पडला.

सोसायटीतले सल्लागार लगेच गोळा झाले. "लांबी भरा हो. कळणारसुद्धा नाही!"

या 'कळणारसुद्धा नाही'वर आपला अख्खा मध्यमवर्ग उभा आहे. भिंतीला ओल आली, लावा कॅलेंडर. सोफा फाटला, घाला अभ्रा. जावयाची नोकरी गेली की तो 'सध्या स्वतःचं काहीतरी करतोय'. सगळी लांबीच!

पण पत्रा आपल्याइतका भिडस्त नसतो. इंजिनाच्या थरथरीने जाड लांबीला तडा जातो. त्यातून पावसाचे पाणी आत शिरते. झाकणाशी सांडलेले पेट्रोल रंग उचलते. वरून चकाचक आणि आतून पत्रा गंजतोय, असा संसार काही वर्षे सुखाने चालतो. मग एके दिवशी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकते. तेव्हा कळते, आणि चांगलेच कळते.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच, की रंग पार पत्र्यापर्यंत उतरवा आणि पोचा खरोखर काढा. मग वरून नखाएवढ्या जाडीची लांबी फिरवलीत, तर तेवढी माफ.

हे व्याख्यान मी नाना पेठेतल्या कारागिरासमोर दिले. त्याने शांतपणे विडी विझवली. "साहेब, टाकी म्हणजे पातेलं आहे का? आत हातोडी घालू कुठून?"

प्रश्न बिनतोड होता. कसब्यातल्या तांबट आळीत हंडा मठारतात तेव्हा त्याला आतून आधार देता येतो. टाकीचे तोंड एवढेसे. म्हणून पोच्यावर वॉशर वेल्ड करून पत्रा बाहेर खेचायचा आणि कडा वरून हलक्या ठोकायच्या. त्याआधी टाकी साबणाच्या पाण्याने धुवायची आणि काठोकाठ पाण्याने भरायची; कारण पेट्रोल संपले तरी वाफ उरते, आणि तिला ठिणगी पुरते. रिकामी टाकी आणि रिकामटेकडा माणूस, दोघांपासूनही सारखेच जपावे.

रंग उतरवायचे काम मी घरी घेतले. गॅलरीत वर्तमानपत्रे अंथरली, रबरी हातमोजे चढवले (एका हाताला विसरलो होतो, सल्ला अनुभवाचा आहे) आणि रिमूव्हर फासला. दहा मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडल्या आणि पट्टी लावताच तो सायीसारखा निघाला. आधी मेहुण्याच्या लग्नातला लाल, मग कुणाच्या तरी हौसेचा निळा, मग कंपनीचा मूळ रंग.

डाव्या बाजूला मात्र पट्टी अडकली. खाली लांबी! खरवडतोय, खरवडतोय, संपेचना. शेवटी पत्रा लागला तेव्हा समोर करवंटी बसेल एवढा खड्डा होता.

"पंचवीस वर्षं गाडी चालवली, एकदाही पडलो नाही." अण्णांचे हे वाक्य म्हणजे आमच्या घरातले वेदवाक्य. मी सायकलवरून पडलो तेव्हा ऐकले, स्कूटरवरून पडलो तेव्हा ऐकले, बारावीत घसरलो तेव्हाही ऐकले. अण्णांना जाऊन सहा वर्षे झाली. मी पट्टी हातात धरून नुसताच बसून राहिलो.

आईने चष्मा लावला आणि खड्ड्यावरून बोट फिरवले.

"कात्रजचा घाट," ती म्हणाली. "वळणावर वाळू होती."

"तुला काय माहीत?"

"मागं कोण बसलं होतं मग?" आणि जरा थांबून, "फार लागलं होतं रे त्यांना. कुणाला सांगू नकोस म्हणाले."

उघडा पत्रा पावसाळी हवेत रात्रभरातही तांबूस होतो, म्हणून त्याच दुपारी टाकी पेठेत नेली. म्हटले, दोन्ही बाजू खेचा. उजवी लवकर आली. डाव्या बाजूने पत्रा जागा सोडीना; कारागीर तासभर घाम गाळत होता. शेवटी 'टक्' असा आवाज झाला. त्याने तळवा फिरवून पाहिला, मग मी. हाताला काही लागेना. त्याने लगोलग प्रायमरचा हात मारला.

"हा डावा पोचा लई जुना होता, साहेब. कसा पडला?"

"कुठला पोचा?" मी म्हणालो.