वारसा कोणता घ्यावा?

चीनच्या फूजियान प्रांतात डोंगरांच्या कुशीत मातीचे प्रचंड वाडे उभे आहेत. त्यांना 'थुलोउ' असे म्हणतात. त्यांपैकी पुष्कळसे हक्का लोकांनी बांधलेले आहेत. 'हक्का' म्हणजे 'पाहुणी कुटुंबे'. उत्तरेकडून टप्प्याटप्प्याने दक्षिणेत येऊन स्थिरावलेल्या या लोकांना दरोडेखोरांचे भय असे. म्हणून त्यांनी माती ठोकून जाड भिंती उभारल्या, वाड्याला एकच मोठा दरवाजा ठेवला आणि तळमजल्याला बाहेरच्या अंगाने खिडकीही ठेवली नाही. फूजियानमधील असे 46 वाडे युनेस्कोने 2008 साली जागतिक वारसा म्हणून मान्य केले.

1709 साली पुरा झालेला छंगछी वाडा यांत विशेष प्रसिद्ध आहे. एकात एक अशी त्याची चार वर्तुळे असून मधोमध पूर्वजांच्या स्मरणाचे दालन आहे. बाहेरच्या चार मजली वर्तुळात प्रत्येक कुटुंबाला खालपासून वरपर्यंत एक उभा भाग मिळे : तळाशी स्वयंपाकघर, त्यावर धान्याची कोठी आणि त्याहून वर निजण्याच्या खोल्या. कोण श्रीमंत आणि कोण गरीब, हे खोलीच्या आकारावरून ओळखता येत नसे.

अशा वाड्याच्या धर्तीवर आजचा मॉल बांधावा, ही कल्पना मोहक आहे. परंतु गोल भिंत उभारली आणि तांबडे कंदील टांगले, की वारसा हाती आला, असे मानणे ही भूल ठरेल. वाड्याची भिंत परक्याला दूर ठेवण्यासाठी होती. बाजाराचे काम तर परक्याला आत बोलावण्याचे आहे. तेव्हा भिंतीची नक्कल व्यर्थ होय. घ्यायचे ते सामाईक अंगण आणि घ्यायची ती समान वाटणी. मॉलच्या मधोमध असे अंगण असावे, की जेथे काही विकत न घेताही वृद्धांनी बसावे आणि मुलांनी खेळावे. लहान दुकानदारालाही मोठ्या दुकानदाराच्या शेजारी सारखाच गाळा मिळावा.

मोकळ्या अंगणातून पैसा मिळत नाही, असा आक्षेप व्यापारी घेतील. तो अगदीच खोटा नाही. शहरात जागा महाग असते. पण जेथे माणसाला निवांत बसता येते, तेथेच त्याची पावले पुन्हा वळतात, हेही तितकेच खरे. ग्वांगडोंग प्रांतातील फोशान शहरात याच वाड्यांवरून स्फूर्ती घेऊन एक गोल इमारत बांधण्यात आली, ती अल्प उत्पन्नाच्या लोकांना भाड्याने राहता यावे म्हणून. तेथे जुन्या रूपाचा केवळ देखावा मांडलेला नाही. एकत्र राहण्याची जुनी रीत नव्या गरजेला जोडलेली आहे. मॉल बांधणाऱ्यांनीही हाच धडा गिरवावा.

पूर्वजांचे घर कसे दिसत होते, हे भिंत सांगते. ते एकमेकांशी कसे वागत होते, हे अंगण सांगते. जतन करण्याजोगा वारसा तो हाच.